दोन हूक बाकी

चैतात कापलं होतं ते पांढरं पीस,
खडूच्या रेघा मारून, पिशवीत घालून
ठेवलं ज्वारीच्या कोठीवर.
आषाढी पुनवेला पिशवी उतरवली तेव्हा
रेघा पुसल्या होत्या,
आणि माझंच माप वाढलं होतं
बोटभर.

मशीन पायाचं. बचत गटाच्या पैशातलं.
शेवटचा हप्ता मागच्या पोळ्याला फेडला.
खटखट ऐकून शेजारची मंदोदरी म्हणते,
‘तुहं बरं हाय व, घरबसल्या पैसा.’
वाजतं ते खरं,
पण निंदणाला जाणाऱ्या बायांसाठी वाजतं:
नवऱ्यांचे जुने शर्ट आणतात,
लुगड्यावरून घालायचे म्हणून बाह्या आखूड करायच्या.
कुणाच्या साडीचा फॉल.
निशांतच्या चड्डीची बैठक, जी रोज उसवते
आणि कशी ते त्याला एकट्याला ठाऊक.
माझं पीस कोठीवर.

मग वर्षावास लागला.
रोज साडेसातला विहारात ग्रंथवाचन,
आणि वाचायचं मीच,
कारण सातवी झालेली, आवाज खणखणीत,
आणि भागरथाबाईंना चष्म्यातूनही दिसत नाही.
सहाला भाकरी, सातला आंघोळ,
पानावर बोट ठेवून तासभर,
घरी येऊन ताटं, भांडी, उत्पलाचे पाढे.
साडेनऊ ते दहा
एवढीच चिंधी उरते दिवसाची.
तिच्यात एक बाही बसते.

दुसरी बाही चार दिवसांनी.
मधे एक दिवस पाव्हणे,
एक दिवस उत्पलाला ताप,
आणि एक दिवस दोरा ओवला,
पाय पट्टीवर ठेवला,
आणि मशीनवरच झोप लागली.
सकाळी गालावर चाकाचा वळ.

भंतेजी आले होते एकदा, शिकवून गेले:
श्वास येतो, श्वास जातो,
नुसतं पाहायचं, ओढायचं नाही.
मी डोळे मिटते.
श्वास येतो.
बगलेत चुणी पडली, उसवावं लागते.
श्वास जातो.
उसवायचं ब्लेड निशांतनं पेन्सिलीसाठी नेलं.
श्वास येतो.
डाळ संपली.
भंतेजी म्हणाले होते, मन पळालं तरी रागवायचं नाही,
धरून आणायचं.
बकरी आणतात तसं आणते मी, कानाला धरून.

सासूबाई ओसरीवरून बोलतात,
‘इकडं विहार, तिकडं मशीन,
घर कोनाचं हाय व माय?’
उत्तर द्यायला वेळ नसतो, हेच बरं.
एका रात्री लाईन गेली, गळा अर्धा शिवून.
मी उठणार, तर त्याच आल्या
चिमणी घेऊन.
‘शिव. मी धरतो.
हात हालते माहा, तू तिकडं पाहू नोको.’
उजेड हलत होता, कापड हलत होतं,
गळ्यावरची वीतभर शिवण
नागमोडी आली.
ती मी उसवली नाही.

अश्विन पुनवेला सगळ्या पांढऱ्यात.
शेवटचं पान वाचलं,
साधुकार झाला, द्रोणातून खीर आली,
आणि भागरथाबाई, ज्यांना काही दिसत नाही,
अख्ख्या विहारात म्हणाल्या,
‘काहून व, शिवणारीच्याच ब्लाउजले पिना?’
बाया हसल्या. मीही हसले.
दोन हूक राहिले होते, आवरता आवरता.
खीर सांडू नये म्हणून
मी हात वर धरले तशी एक पिन टोचली.

चपला घालताना तिघींनी
तीन पिशव्या हातात दिल्या.
‘घाई नाही,’ म्हणाल्या,
‘दिवाळीच्या आत.’

घरी आले, पिशव्या कोठीवर ठेवल्या,
म्हटलं, आत्ताच लावून टाकावे ते हूक.
साडेनऊच वाजलेत. लाईन आहे. पोरं झोपली.
हूक आहेत माचिसच्या डबीत.
डबी कुठं आहे ते सासूबाईंना ठाऊक,
आणि त्या इतक्या गाढ झोपल्यात,
तोंड थोडं उघडं,
श्वास येतो,
श्वास जातो.